दाव्याला बांधलेला संगणक

श्रोतेहो, इंग्रजी भाषेंत ‘टेदर’ या शब्दाचा मूळ अर्थ गुरें बांधण्याचें दावें असा आहे. खुंट्याला बांधलेली गाय दावें पुरेल तेवढ्याच टापूंत चरते. तिच्यापुढें कुरण कितीहि अफाट असो, तिचें जग दाव्याच्या लांबीएवढें. संगणकाच्या व्यवहारांत हा शब्द रूढ झाला तो याच उपमेनें. ज्या संगणकाला इंटरनेटची स्वतःची वाट नाहीं, त्याला खिशांतल्या स्मार्टफोनशीं बांधावयाचें आणि फोनच्या वाटेनें त्याला जगांत हिंडूं द्यावयाचें, याला ‘टेदरिंग’ म्हणतात. आपल्याकडे सर्वसामान्य माणूस याच गोष्टीला ‘हॉटस्पॉट चालू करणें’ असें म्हणतो.

गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु या क्षुल्लक गोष्टीवरून अमेरिकेंत इ. स. २००८ पासून ग्राहक, कंपन्या आणि सरकार यांच्यामध्यें कित्येक वर्षें वाद माजला. त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न असा : पैसे मोजून घेतलेला डेटा कोणत्या यंत्रावर वापरावा, हें ठरविण्याचा अधिकार विकणाराचा कीं घेणाराचा? ज्या घरांत तारेचें इंटरनेट आलेलें आहे, त्या घराला हा प्रश्न पंडिती वाटेल. परंतु खिशांतला फोन हीच जेथें जगाकडे जाणारी एकुलती एक वाट आहे, तेथें मुलाचा अभ्यास, नोकरीचा अर्ज आणि लहानशा धंद्याचे हिशेब या उत्तरावर अवलंबून असतात. इ. स. २०२० सालीं टाळेबंदीच्या काळांत शाळा आणि कचेऱ्या घरांत आल्या, तेव्हां महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबांनीं फोनच्या या दाव्यावरच दिवस काढले. म्हणून हा विषय नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम ही जोडणी होते कशी तें पाहूं. स्मार्टफोन हें एकच यंत्र दिसत असलें तरी त्याच्या पोटांत दोन स्वतंत्र कामें चालतात. एक भाग कंपनीच्या मनोऱ्याशीं रेडिओ-लहरींनीं बोलतो. त्याला मोडेम म्हणतात. दुसरा भाग आपण डोळ्यांनीं पाहतों तो : पडदा, अक्षरें, चित्रें आणि निरनिराळीं ॲप्स. मोडेमनें आणलेला डेटा फोनच्याच पडद्यावर दाखविला पाहिजे असा निसर्गाचा कांहीं नियम नाहीं. तो तारेनें, ब्लूटूथनें किंवा वायफायनें शेजारच्या संगणकाकडे लावून देतां येतो. यूएसबीची तार जोडली तर काम स्थिरपणें चालतें आणि फोनला वीजहि मिळत राहते. ब्लूटूथला वीज थोडी लागते, पण त्याचा वेग बेताचा. वायफायनें एकाच वेळीं अनेक यंत्रें जोडतां येतात, मात्र बॅटरी भराभर उतरते. ॲपलनें ही सोय इ. स. २००९ सालीं आयफोनच्या ३.० या प्रणालींत घातली, आणि गूगलनें २०१० सालीं अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तींत. तेव्हां यंत्राच्या दृष्टीनें ही जोडणी मुळींच अवघड नाहीं. अडथळा येतो तो कराराचा.

संगणक फोनला जोडला तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो, तो फोनचा. एखाद्या जुन्या वाड्यांत चार बिऱ्हाडें असावींत, पण टपाल मात्र सारें वाड्याच्या एकाच पत्त्यावर यावें, आणि दारांत बसलेल्या दिवाणजीनें कोणतें पत्र कोणाचें हें आपल्या वहींत पाहून ज्याचें त्याला पोंचतें करावें, तसें हें काम चालतें. फोन हा तो दिवाणजी. संगणकानें पाठविलेल्या प्रत्येक पाकिटावरचा खासगी पत्ता पुसून तेथें तो स्वतःचा पत्ता लिहितो, त्याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आलें कीं वहींत पाहून तें संगणकाकडे धाडतो. अर्थात् कंपनीच्या दारांतून पाहणाराला सर्व पाकिटें फोनचींच दिसतात. मग फोनच्या मागें संगणक दडलेला आहे, हें कंपनीला कळतें कसें?

यांतली पहिली खूण मोठी मौजेची आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक आंकडा असतो. इ. स. १९८१ सालीं या दळणवळणाचे जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत त्याची तरतूद आहे. पाकीट एकेक नाका ओलांडीत जातें तसतसा हा आंकडा प्रत्येक नाक्यावर एकानें कमी होतो, आणि शून्यावर आला कीं तें पाकीट टाकून देण्यांत येतें. वाट चुकलेलीं पाकिटें जाळ्यांत अखंड फिरत राहूं नयेत, एवढाच यांतला हेतु. अँड्रॉइड फोन, आयफोन आणि ॲपलचे संगणक हा आंकडा ६४ पासून सुरू करतात. विंडोजचे संगणक १२८ पासून. आतां फोननें स्वतः पाठविलेलें पाकीट कंपनीच्या पहिल्या नाक्याशीं ६४ हा आंकडा घेऊन येतें. संगणकाचें पाकीट मात्र वाटेंत फोनचा नाका ओलांडून आलेलें असतें. म्हणून त्यावर ६३ किंवा १२७ दिसतो. कंपनीला पाकीट उघडण्याचेंहि कारण पडत नाहीं. वरचा आंकडा पाहिला कीं त्यानें एक नाका आधींच ओलांडला आहे, हें उघड होतें.

दुसरी खूण पाकिटाच्या आंतली. ब्राउझर ज्या संकेतस्थळाशीं बोलतो त्याला आपण कोणत्या प्रणालीच्या यंत्रावरून बोलत आहों हें सांगत असतो. पूर्वी हें सांगणें उघड्यावर चाले, आणि वाटेंतल्या कोणालाहि तें ऐकूं येई. आज बहुतेक दळणवळण सांकेतिक लिपींत, म्हणजे कुलूप लावून होतें. त्यामुळें ही खूण बरीच पुसट झाली आहे. तथापि पाकीट कोणत्या संकेतस्थळाकडे चाललें आहे हें पुष्कळदां दिसतें, आणि एखादा ‘फोन’ विंडोजच्या सुधारणा उतरवून घेऊं लागला तर त्याचा अर्थ समजण्यास फार बुद्धि खर्चावी लागत नाहीं.

तिसरा उपाय खुणेचा नव्हे, पहाऱ्याचा आहे. कंपनीनें विकलेल्या कित्येक फोनांत हॉटस्पॉटची कळ दाबतांच फोन आधीं कंपनीच्या यंत्राला विचारतो कीं, या ग्राहकाच्या योजनेंत ही परवानगी आहे काय? उत्तर नकाराचें आलें तर कळ दाबूनहि कांहीं उपयोग होत नाहीं. शिवाय संगणकाचा डेटा फोनच्या डेटाहून निराळ्या दारानें नेण्याची व्यवस्था अँड्रॉइडमध्यें आहे. त्या दाराशीं त्याची मोजदाद वेगळी करतां येते.

जेथें पहारा तेथें चोरवाट, हा जगाचा क्रमच आहे. कांहीं ॲप्स संगणकाची मागणी फोनवर स्वतः ऐकून घेतात आणि मग ती फोनच्या नांवानें नव्यानें पाठवितात. पाकीट खरोखरच फोनवर जन्मलें असल्यामुळें त्यावरचा आंकडा ६४ च राहतो. कोणी संगणकांतच मूळ आंकडा ६५ करून ठेवतात, म्हणजे फोनच्या नाक्यावर एक वजा होऊन तो बरोबर ६४ वर येतो. कोणी व्हीपीएनचा आश्रय घेतात; त्यानें पाकिटांतला मजकूर आणि तें कोठें जात आहे हें दोन्ही झांकलें जातें, परंतु वरचा आंकडा मात्र तसाच राहतो. म्हणून केवळ व्हीपीएन घेतल्यानें आपण दिसेनासे झालों, अशी समजूत करून घेणें चुकीचें आहे.

या चोरवाटांविषयीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, साऱ्या खुणा पुसल्या तरी डेटाचें परिमाण पुसतां येत नाहीं. फोनवर एरव्ही संभवत नाहीं एवढा डेटा महिन्याकांठीं खर्च झाला कीं संशय येतोच. दुसरी, ज्या ॲपमधून किंवा व्हीपीएनमधून आपला सगळा व्यवहार जातो, त्याच्या चालकाच्या हातीं आपण आपल्या घराची किल्लीच देत असतों. कंपनीच्या नजरेंतून सुटण्याच्या भरांत त्याहून परक्या माणसाच्या नजरेखालीं जाण्यांत कसलें शहाणपण? आणि तिसरी, करारांत स्पष्ट मनाई असतां असें केलें तर सेवा बंद करण्याचें किंवा जादा आकार लावण्याचें साधन कंपनीच्या हातीं करारानेंच दिलेलें असतें. चोरवाट ही एकट्यादुकट्याची तात्पुरती सोय आहे. तिनें हक्क सिद्ध होत नाहीं.

आतां कंपन्यांची बाजूहि ऐकून घेणें न्यायाचें होईल. तारेंतून येणारें इंटरनेट आणि हवेंतून येणारें इंटरनेट यांत एक मूलभूत भेद आहे. प्रत्येक मनोऱ्याच्या वाट्याला आलेला रेडिओ-लहरींचा पट्टा मर्यादित असतो, आणि त्या टापूंतील सर्व ग्राहकांना तो वांटून घ्यावा लागतो. गर्दीच्या वेळीं एकानें अधिक ओढलें कीं शेजाऱ्याचा वेग उतरतो. फोनच्या लहान पडद्यावर माणूस जेवढा डेटा खर्च करतो, त्याहून संगणकावर तो सामान्यतः पुष्कळच अधिक करतो. उत्तम प्रतीचें चलच्चित्र तासभर पाहिलें तर सुमारें ३ जीबी डेटा लागूं शकतो, आणि प्रणालीची एखादी मोठी सुधारणा मालकाच्या नकळत कित्येक जीबी उतरवून घेते. ‘फोनसाठीं म्हणून आम्हीं जो दर बांधला तो हा खर्च धरून बांधलेला नाहीं’, असें कंपन्यांचें म्हणणें. हें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. परंतु तें कोठें लागू पडतें आणि कोठें पडत नाहीं, हेंच सारें पाहावयाचें आहे.

त्यासाठीं अमेरिकेंतील इतिहास उपयोगी पडतो. तेथें आयफोन इ. स. २००७ सालीं आला तेव्हां तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या सेवेवर चालत असे, आणि त्याचा डेटा ‘अमर्याद’ म्हणून विकला जाई. पुढल्याच वर्षीं ‘नेटशेअर’ नांवाचें एक ॲप ॲपलच्या दुकानांत आलें. किंमत ९.९९ डॉलर; काम एवढेंच कीं, आयफोनच्या वाटेनें संगणकाला इंटरनेट द्यावें. तें लवकरच दुकानांतून काढून टाकण्यांत आलें. २००९ सालीं ॲपलनें ही सोय स्वतःच फोनांत घातली; इतर देशांतील अनेक कंपन्यांनीं ती चालू केली, पण एटी अँड टीनें आपल्या ग्राहकांना ती जवळ जवळ वर्षभर दिली नाहीं. अखेर जून २०१० मध्यें ती मिळाली ती अशा अटींवर : नव्या ग्राहकांस अमर्याद योजना बंद, दरमहा २५ डॉलरला २ जीबी डेटा, आणि तो संगणकाला जोडावयाचा असल्यास दरमहा आणखी २० डॉलर. या जादा २० डॉलरांत त्या वेळीं डेटा एक थेंबहि जादा नव्हता. तेच २ जीबी, तोच मनोरा, तीच लहर. फक्त पडदा निराळा.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून विचार करावा. समजा, नगरपालिकेनें आपल्या नळाला मीटर बसविला, हजार लिटर पाण्याचे पैसे आगाऊ घेतले, आणि वर सांगितलें कीं, हें पाणी पिण्यापुरतेंच आहे. त्यांत धुणें धुवावयाचें असेल तर धुण्याचा आकार वेगळा. तर आपण काय म्हणूं? आपण म्हणूं, माझ्या हजार लिटरांचें मी काय करावें, हा माझा प्रश्न आहे. एक हजार एकावा लिटर मी मागितला तर त्याचे पैसे अवश्य घ्या. माप ठरलें आणि किंमत ठरली, म्हणजे व्यवहार पुरा झाला. मनोऱ्यावर पडणाऱ्या भाराची जी सबब कंपन्या पुढें करतात, ती या ठिकाणीं टिकत नाहीं. कारण भार मोजूनच विकलेला आहे.

लोकांनीं या अटीला जें उत्तर दिलें तेंहि नमुनेदार होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ॲपलच्या दुकानांत ‘हँडी लाइट’ नांवाचें एक विजेरीचें ॲप आलें. पडदा रंगीत उजेडानें उजळावा, एवढेंच त्याचें उघड काम. परंतु ठराविक क्रमानें रंगांवर बोट टेकलें कीं तेंच ॲप संगणकाला इंटरनेट देऊं लागे. तें लिहिणारा मुलगा अवघा पंधरा वर्षांचा होता. बातमी फुटतांच झुंबड उडाली, आणि ॲप दुकानांतून नाहींसें झालें. २०११ सालीं एटी अँड टीनें उलट चाल केली. परवानगीवांचून संगणक जोडणाऱ्या ग्राहकांना तिनें कळविलें कीं, हें थांबवा, नाहीं तर आपणांस ४ जीबीच्या, दरमहा ४५ डॉलरच्या योजनेंत घालण्यांत येईल. चोरवाट आणि पहारा यांची ही शर्यत अशीच चालत राहिली असती. तिचा निकाल लागला तो निराळ्याच बाजूनें, कायद्याच्या बाजूनें.

कायद्याची ही बाजू समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्या यंत्राला ग्राहकानें काय जोडावें, हा तंटा अमेरिकेंत जुन्या तारेच्या टेलिफोनपासून चालत आलेला आहे. ‘हश-अ-फोन’ नांवाची एक साधी वाटीवजा वस्तु टेलिफोनच्या तोंडाशीं बसवीत, म्हणजे बोललेलें शेजारच्याला ऐकूं जात नसे. टेलिफोन कंपनीनें तिलाहि हरकत घेतली, आणि सरकारी आयोगानें कंपनीची तळी उचलली. परंतु १९५६ सालीं अपील न्यायालयानें हा निर्णय फिरविला. जो वापर ग्राहकाच्या लाभाचा आहे आणि ज्यापासून सार्वजनिक हानि होत नाहीं, तो करण्याचा ग्राहकास हक्क आहे, असें त्याच्या निकालाचें तात्पर्य होतें. पुढें १९६८ सालीं टेक्सासमधील टॉमस कार्टर यांच्या ‘कार्टरफोन’ या उपकरणाचा प्रश्न आला. टेलिफोनचा कर्णा त्यांत ठेवला म्हणजे दूरच्या रेडिओ-संचावरील माणसाशीं तारेवरून बोलतां येई. या वेळीं संघीय दळणवळण आयोगानेंच ग्राहकाच्या बाजूनें निकाल दिला. जाळ्याला अपाय न करणारें उपकरण कंपनीचें नाहीं एवढ्याच कारणावरून नाकारतां येणार नाहीं, हें तत्त्व त्या दिवशीं प्रस्थापित झालें. आणि पुढें टेलिफोनच्या तारेला मोडेम, फॅक्स, उत्तर देणारीं यंत्रें हीं जोडण्याचा मार्ग त्यानेंच मोकळा झाला. संगणक सामान्य माणसाच्या घरांतून जगाशीं बोलूं लागला, त्याच्या मुळाशीं हा निकाल आहे.

हेंच तत्त्व हवेंतल्या इंटरनेटला लागू झालें तें इ. स. २००८ मध्यें. त्या वर्षीं अमेरिकन सरकारनें ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव केला. त्यांतील ‘सी’ नांवाच्या पट्ट्यावर आयोगानें आधींच अट घातली होती कीं, हा पट्टा घेणाऱ्या कंपनीनें ग्राहकाला त्याच्या पसंतीचीं उपकरणें आणि ॲप्स वापरण्यास अडथळा करूं नये. व्हेरायझन कंपनीनें सुमारें ४७० कोटी डॉलर देऊन त्या पट्ट्याचे बहुतेक परवाने घेतले. पुढें असें दिसून आलें कीं, संगणक जोडून देणारीं ॲप्स आपल्या ग्राहकांना मिळूं नयेत म्हणून कंपनीनें गूगलला आपल्या दुकानांतून तीं अडविण्यास सांगितलें होतें. आयोगानें चौकशी केली. ३१ जुलै २०१२ रोजीं प्रकरण मिटलें : कंपनीनें सरकारी तिजोरींत साडेबारा लक्ष डॉलर भरावे, ॲप्सना घेतलेली हरकत मागें घ्यावी, आणि जे ग्राहक मोजून डेटा घेतात त्यांच्याकडून अशा ॲप्सच्या वापराबद्दल जादा आकार मागूं नये. दरमहा २० डॉलरच्या त्या आकाराची गरज अशा ग्राहकांपुरती संपली. कित्येक वर्षांच्या चोरवाटांना जें साधलें नाहीं, तें परवान्यांतील एका अटीनें साधलें.

परंतु याच तडजोडींत एक बारकावा होता, आणि माझ्या मतें साऱ्या विषयाची किल्ली त्यांत आहे. जुन्या ‘अमर्याद’ योजनेंतील ग्राहकांकडून जादा आकार घेण्याची मोकळीक कंपनीला राहिली. कारण तेथें माप ठरलेलें नव्हतें. हा दुसरा प्रकार कोठवर जातो हें इ. स. २०१५ च्या ऑगस्ट महिन्यांत दिसून आलें. टी-मोबाईल या कंपनीच्या अमर्याद योजनेंत फोनवरील वापराला मर्यादा नव्हती, पण संगणक जोडण्यासाठीं वेगवान डेटा ७ जीबीपुरताच होता. सुमारें ३००० ग्राहक खुणा लपवून ही मर्यादा ओलांडीत आहेत, आणि त्यांतले कांहीं महिन्याला २००० जीबीपर्यंत डेटा ओढीत आहेत, असें कंपनीचे मुख्याधिकारी जॉन लेजर यांनीं जाहीर केलें, आणि ही चोरी असल्याचें म्हटलें. एकाच मनोऱ्याखालीं राहणाऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर अशा वापराचें समर्थन करणें कठीण आहे. नळाला मीटर नाहीं म्हणून कोणी रात्रंदिवस पंप लावून शेत भिजवूं लागला, तर आळीला पाणी मिळणार नाहीं, हें उघड आहे.

तरीहि दोष केवळ पंप लावणाराचा नव्हे. ज्यानें ‘हवें तेवढें पाणी’ असा फलक लावला आणि खालीं बारीक अक्षरांत अटी लिहिल्या, त्याच्याकडेहि दोषाचा वांटा जातो. ‘अमर्याद’ हा शब्द मोठ्या अक्षरांत विकावयाचा आणि मर्यादा लहान अक्षरांत लपवावयाची, यांतून हा सारा तंटा जन्माला आलेला आहे. फोन आणि संगणक हा भेद वरवरचा आहे. खरा भेद मोजून विकलेल्या डेटाचा आणि न मोजतां विकलेल्या डेटाचा आहे. पहिल्या प्रकारांत यंत्राची मनाई अन्यायाची ठरते. दुसऱ्या प्रकारांत ती खऱ्या मर्यादेऐवजीं पुढें केलेली असते, आणि खरी मर्यादा प्रांजळपणें सांगितली तर तिचीहि गरज उरत नाहीं.

युरोपनें हा प्रश्न अधिक सरळ रीतीनें सोडविला. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानें आपल्या पसंतीचें उपकरण वापरण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिला. जर्मनींत व्होडाफोनची एक योजना अशी होती कीं, ठराविक ॲप्सचा डेटा मोजला जात नसे. परंतु त्याच ॲप्सचा वापर हॉटस्पॉटवरून जोडलेल्या यंत्रावर केला तर तो मोजण्यांत येई. २ सप्टेंबर २०२१ रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें निकाल दिला कीं, अशा योजनेवर आधारलेला हा निर्बंध नियमाशीं विसंगत आहे. अमेरिकेंत मात्र सर्व कंपन्यांना लागू होणारा नियम स्थिर राहिलेला नाहीं : २०१५ सालीं आयोगानें तो केला, २०१७ सालीं रद्द केला, २०२४ सालीं पुन्हां केला, आणि जानेवारी २०२५ मध्यें अपील न्यायालयानें तो रद्द ठरविला. एकदां मिळालेला हक्क आपोआप टिकत नाहीं, हा बोध यांतून घेण्यासारखा आहे.

आपल्या देशांत हा वाद या स्वरूपांत फारसा माजला नाहीं, याचें कारण आतां सहज ध्यानांत येईल. आपल्याकडील प्रचलित योजना बहुशः मोजलेल्या असतात : दिवसाला दीड किंवा दोन जीबी, आणि तें संपलें कीं वेग मंद. हॉटस्पॉटवरून संगणकानें वापरलेला डेटा सामान्यतः त्याच कोट्यांतून वजा होतो. वेगळा आकार पडत नाहीं. शिवाय ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली, आणि डेटा हा डेटाच, हें तत्त्व आपल्याकडे रुजलें. परंतु ‘अनलिमिटेड’ हा शब्द आपल्याहि जाहिरातींत मोठ्या अक्षरांत झळकूं लागला आहे. जेथें तो शब्द येतो तेथें मागोमाग बारीक अक्षरें येतात. म्हणून आपणहि सावध असावें.

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. योजना घेतांना हॉटस्पॉटविषयींचें कलम स्वतंत्रपणें वाचावें. अमेरिकेंत शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या आपल्या मुलामुलींनीं तर हें अवश्य करावें. कारण तेथील अनेक योजनांत फोनचा डेटा अमर्याद असला तरी संगणकासाठीं वेगवान डेटाची वेगळी मर्यादा असते. संगणक फोनला जोडल्यावर त्याच्या प्रणालींत ही जोडणी ‘मोजलेली’ आहे, अशी नोंद करून ठेवावी. विंडोजमध्यें तशी सोय आहे, आणि तिच्यामुळें मोठ्या सुधारणा नकळत उतरण्याचें पुष्कळसें थांबतें. वायफायनें जोडणी करावयाची तर तिला भक्कम परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे आपल्या दाव्यावर दुसऱ्याचें गुरूं चरणार नाहीं. आणि बसून काम करावयाचें असेल तेव्हां साधी यूएसबीची तार वापरावी. बॅटरी वांचते आणि जोडणी टिकते.

तात्पर्य, कंपनीनें माप सांगून विकावें आणि ग्राहकानें मापांत राहून हवें तसें वापरावें, एवढ्या दोन वाक्यांत या प्रश्नाचा न्याय सांठलेला आहे. माप सांगूनहि यंत्राची मनाई करणारी कंपनी आपला अधिकार ओलांडते. आणि मर्यादा ठाऊक असतां खुणा पुसून आळीचें पाणी ओढणारा ग्राहकहि आपला अधिकार ओलांडतो. जेथें अन्यायाची अट असेल तेथें ती लपूनछपून चुकविण्यापेक्षां तिच्याविरुद्ध उघड तक्रार करणें अधिक फलदायी ठरतें. टेलिफोनला बसविलेल्या एका वाटीपासून आजच्या हॉटस्पॉटपर्यंतचा इतिहास हेंच सांगतो. दावें किती लांब असावें, हें आधीं आणि उघडपणें ठरवून घ्यावें. मग त्या टापूंतल्या कुरणांत कोठें चरावें, हें कोणीं सांगण्याचें कारण नाहीं.